कोरी दोरी

एकदा एका नदीकाठच्या पेठेत आभाळाचा अंदाज सांगणारे एक वृद्ध आचार्य राहत असत. पेठेतले लोक त्यांना गुरुजी म्हणत. पाडवा झाला, उन्हाचा चटका वाढू लागला, की गुरुजींचे काम सुरू होई. ते पहाटे अंगणात उभे राहून वारा कुठून येतो ते पाहत, पलीकडच्या डोंगराच्या कडा किती स्पष्ट दिसतात ते न्याहाळत, स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटले आहे का तेही बोट लावून बघत. मग एक जाड दोर घेऊन त्यात गाठी मारत. तो दोर बाजारातल्या पारावर, सगळ्यांना लांबून दिसेल असा टांगला जाई.

गाठींचा अर्थ पेठेत लहानथोर सर्वांना ठाऊक होता. तीन गाठी म्हणजे अशा दहा दिवसांपैकी तीन दिवस गडगडाटासह वळीव येतो. सहा गाठी म्हणजे दहापैकी सहा दिवस. दोर कोरा असला, तर पावसाची शक्यताच नाही. दोर टांगताना गुरुजी मोठ्याने सांगतही असत, “ऊन कडक राहील. तिसऱ्या प्रहरी डोंगराकडे ढग जमतील. नदीकाठी वळीव येण्याचा संभव, दहात तीन.” एवढे बोलून घरी परतत. कोणी कितीही खोदून विचारले तरी त्या तिनाचे चार होत नसत आणि दोनही होत नसत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गुरुजींचा गुडघा सुजला आणि बाजारापर्यंत चालणे बंद झाले. तेव्हा दोर टांगण्याचे काम त्यांच्या शिष्याकडे आले. शिष्याचे नाव श्रीपती. सहा वर्षे गुरुजींजवळ राहिलेला, पंचविशी ओलांडलेला, बुद्धीने तल्लख. एकच खोड होती. चार माणसे आपल्याकडे पाहून हसली की त्याला दोन दिवस अन्न गोड लागत नसे.

आणि नेमके तेच त्याच्या वाट्याला आले. चैत्रात ऊन मी म्हणत होते. गुरुजी रोज अंगणातून सांगत, “आज तीन.” “आज दोन.” “आज चार.” श्रीपती तेवढ्या गाठी मारून दोर टांगे. दुपारी डोंगरावर गडगडे, विजा चमकत आणि ढग तिकडच्या तिकडेच विरून जात. पेठेत थेंब पडत नसे. आठ-दहा दिवसांत लोकांनी श्रीपतीची टर उडवायला सुरुवात केली.

“काय श्रीपतीपंत, गाठी सोडवायला येऊ का?” पानवाला विचारी.

वखारवाले हिराशेठ पेठेतले वजनदार गृहस्थ. त्यांनी एके दिवशी सगळ्यांसमोर म्हटले, “अहो, दहात तीन म्हणजे काय समजायचं माणसानं? आमचा माल एक तर भिजेल, नाहीतर नाही भिजणार. दहात तीन भिजतो का कधी? तुमच्या गुरुजींना ठामपणे काही सांगता येत नाही, असं स्पष्ट म्हणा ना.”

लोक हसले. श्रीपतीचे कान तापले. गुरुजींचा अपमान झाला म्हणून आपल्याला वाईट वाटते आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे अपमान आपला झाला, असेच त्याला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी म्हणाले, “आज तीन.”

श्रीपती दोर घेऊन निघाला. वाटेत त्याने गाठी मारल्याच नाहीत. पारावर कोरा दोर टांगून तो खणखणीत आवाजात म्हणाला, “आज निश्चिंत राहा. पाऊस नाही!”

पाऊस आला नाही. हिराशेठनी त्याची पाठ थोपटली. “याला म्हणतात विद्या,” ते म्हणाले. श्रीपतीच्या अंगावर मूठभर मांस चढले. दुसऱ्या दिवशीही गुरुजींनी तीन सांगितले, दुसऱ्या दिवशीही दोर कोरा टांगला गेला आणि आभाळ निरभ्र राहिले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या सकाळी तर लोक पाराशी त्याची वाट पाहत थांबले होते. असे कौतुक गुरुजींच्या वाट्यालाही कधी आले नव्हते. गुरुजींनी त्या दिवशीही तीन सांगितले होते, तरी श्रीपतीने दोर कोराच टांगला.

त्या चौथ्या दिवशी दुपारी वारा एकदम पडला. उकाडा असा, की जीव नकोसा व्हावा. मग डोंगरामागून काळे ढग उठले, धुळीचा लोट पेठेतून धावत गेला आणि विजांच्या कडकडाटात पाऊस कोसळू लागला. बोराएवढ्या गारा पडल्या. अर्ध्या घटकेत सगळे आटोपले आणि पुन्हा लख्ख ऊन पडले.

हिराशेठचा माल छपराखाली होता. त्यांचे काही बिघडले नाही.

बिघडले ते गोजराबाई कुंभारणीचे. त्या मुलखात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली नवी घागर देण्याची चाल आहे, आणि पेठेतल्या घरोघरी ती घागर गोजराबाईच्या अंगणातून जाई. तृतीया नऊ दिवसांवर आली होती. वाळत घातलेल्या शंभरावर कच्च्या घागरी तिने दोर कोरा पाहून त्या दिवशी उघड्यावरच ठेवल्या होत्या. पावसाने त्यांचा चिखल केला.

दिवेलागणीला ती गुरुजींच्या अंगणात आली. हाताला चिखल तसाच होता. श्रीपती कोपऱ्यात उभा होता. आता ही आपल्या नावाने बोटे मोडणार, अशी त्याला धास्ती होती.

गोजराबाई मात्र ओशाळल्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, एक इचारायचं हुतं. रागावू नका. मी काई बाजारात जात न्हाई, सकाळी लांबनंच दोरी पाह्यली. मला कोरी दिसली. गेले तीन दिवसबी कोरीच दिसत हुती. पर तुमच्या घरनं कोरी दोरी जाती आन् वर गारा पडत्यात, असं आजवर कधी झालं न्हाई. तवा गाठी असणारच. माझ्याच डोळ्यांनी दगा दिला. वय झालं आता. डोळ्यांवर काई औषध असलं तर सांगा.”

गुरुजींनी एकदाच श्रीपतीकडे पाहिले. श्रीपतीने मान खाली घातली. बोलायला तीच वेळ होती. ‘बाई, दोर कोराच होता’ एवढेच शब्द बोलायचे होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. धरणीने पोटात घ्यावे असे त्याला वाटले, आणि तरीही तो गप्प उभा राहिला.

“औषध आहे,” गुरुजी सावकाश म्हणाले. “उद्या सकाळी तुमच्या घरी पोचतं करतो.”

ती गेल्यावर गुरुजी रागावतील, निदान काही विचारतील, म्हणून श्रीपती वाट पाहत राहिला. गुरुजी नेहमीप्रमाणे जेवले आणि निजायला गेले.

पहाटे त्यांनी श्रीपतीला हाक मारली आणि त्याच्या हातात दोर दिला. “आज किती गाठी, ते तूच ठरव. मी काही सांगणार नाही.”

श्रीपतीला कळेना. ज्याने चार दिवस विश्वासघात केला, त्याच्याच हाती सगळी विद्या सोपवायची, हा कसला न्याय? तो अंगणात येऊन उभा राहिला. वारा पश्चिमेचा होता, कोरडा होता. डोंगराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. मीठ कोरडे होते. तरी त्याला कालच्या गारा आठवल्या, त्या बाईचे चिखलाने भरलेले हात आठवले. त्याने एक गाठ मारली, दुसरी मारली आणि मग मारतच गेला. आठ गाठींचा दोर त्याने गुरुजींपुढे धरला.

गुरुजींनी दोर हातात घेतला आणि शांतपणे एकेक गाठ सोडवू लागले. सहा सोडवल्या, दोन ठेवल्या. मग बोलले.

“श्रीपती, लोकांनी खूश व्हावं म्हणून चार दिवस तू दोर कोरा ठेवलास. आज आपल्यावर पुन्हा बोट येऊ नये म्हणून आठ गाठी मारल्यास. या पाच दिवसांत आभाळ बघून तू एकदा तरी गाठ मारलीस का? पाहिलंस ते फक्त लोकांच्या तोंडाकडे. आणि चुकलास तो काल, असं समजू नकोस. पहिले तीन दिवसही तू खोटंच सांगत होतास, फक्त पाऊस आला नाही म्हणून पकडला गेला नाहीस. अरे, आपण पाऊस सांगत नाही. आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो, आणि जे ठाऊक नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. तीन गाठी बघून हिराशेठ माल बाहेर ठेवील, गोजराबाई घागरी झाकील. दोघांचंही बरोबर. ज्याचं जे भिजणार, त्यानं ते ठरवावं. तू तिच्या वतीनं ठरवून टाकलंस, आणि भिजलं तिचं.”

श्रीपतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “गुरुजी, मला शिक्षा करा,” तो म्हणाला.

“शिक्षा कशाला? मी काल तिला औषध पाठवतो म्हणालो होतो. ते तुझ्याजवळ आहे. नेऊन दे.”

तो दोन गाठींचा दोर पारावर टांगून श्रीपती तसाच कुंभारवाड्याकडे गेला. वाट जेमतेम पाच मिनिटांची, पण त्याला ती संपू नयेसे वाटत होते. गोजराबाई अंगणात बसली होती. मागे आवा रचलेला होता. झोपडीत होत्या म्हणून वाचलेल्या चाळीसेक घागरी त्यात भाजायला ठेवल्या होत्या. लाकूडफाटाही रचला होता. पेटवलेला मात्र नव्हता.

“आवा का थांबवला?” श्रीपतीने विचारले. खरे म्हणजे दुसरेच बोलायचे होते.

“आच किती झाली ते जाळाच्या रंगावरनं कळतं, बाबा. ते डोळ्यांनीच बघाया लागतं,” ती म्हणाली. “माझे डोळे असे. उरल्यात त्याबी करपवू का? सुनंला जाळ कळत न्हाई. जाळ बघाया दीर येणार हाय गावाहनं, पर त्यो तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. यंदा काई जमत न्हाई. आता चाक पण सुनंच्या हवाली करून टाकावं म्हनते.”

श्रीपतीला एवढा वेळ वाटत होते की आपण घागरी बुडवल्या. आता त्याच्या ध्यानात आले की आपण या बाईचे सगळे आयुष्यभराचे कसब एका दिवसात काढून घेतले. घागरी पावसाने नेल्या होत्या. हे दुसरे त्याने काल संध्याकाळी स्वतः, गप्प उभे राहून नेले होते.

तो तिच्या पुढ्यात जमिनीवर बसला. “गोजराबाई, दोर कोराच होता. चारही दिवस. गुरुजींनी तीन सांगितल्या होत्या. लोक हसतात म्हणून मी गाठी मारल्या नाहीत. तुमचे डोळे चांगले आहेत.”

तिने मान वळवली. मग नदीच्या पल्याड बोट करून म्हणाली, “त्या तिथं काठाला बगळे किती हाईत?”

श्रीपतीने डोळे बारीक केले. “दोन.”

“एक हाय. दुसरा धोंडा हाय.”

त्याने पुन्हा निरखून पाहिले. धोंडाच होता. गोजराबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले. तिने दोन्ही तळहात डोळ्यांवरून फिरवले, आणि मग ते हसू मावळले.

“एक गाठ असती तरी मी झाकलं असतं,” ती म्हणाली. “घागरींचं जाऊ दे. माती हाय, पुन्हा भिजवीन, पुन्हा तुडवीन. पर रातभर मी माझ्या डोळ्यांना शिव्या दिल्या रं. आन् मी काल गुरुजींना औषध मागत हुते तवा तू तिथंच उभा हुतास.”

 श्रीपतीने कारण सांगितले नाही, क्षमाही मागितली नाही. ती मागण्याइतके तोंड आपल्याला आहे असे त्याला वाटेना. गोजराबाई उठली, तिने आवा पेटवला आणि जाळाकडे तोंड करून बसली. त्याला तिने जा म्हटले नाही आणि थांब असेही म्हटले नाही. शेवटी तोच उठला, धोतराचा काचा मारला आणि चिखल झालेल्या मातीत उतरून ती तुडवू लागला.

तृतीयेला पेठेतल्या सगळ्या घरांना नव्या घागरी पुरल्या नाहीत. कित्येकांनी गेल्या वर्षीच्याच घासून भरल्या. असे का झाले, हे श्रीपतीने पारावर उभे राहून स्वतः सांगितले. काही हसले, काहींनी शिव्या घातल्या, हिराशेठ त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासे झाले. तो सगळे ऐकून घरी आला आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

आभाळ सांगण्याचे काम फार थोड्यांना करावे लागते. पण स्वतःच्या मनात शंका असताना समोरच्याला ‘निश्चिंत राहा’ असे म्हणण्याची पाळी रोज कोणा ना कोणावर येतेच, आणि तेव्हा भिजते ते बहुधा ऐकणाऱ्याचे.