नदीच्या गौरीची कहाणी

ऐका गौरीबाई, तुमची कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर नदी होती. भाद्रपद आला की नगरातल्या बायका नदीवर जात, वाहत्या पाण्यातले पाच खडे उचलीत, पदराखाली झाकून घरी आणीत, पाटावर बसवीत. त्याच त्यांच्या गौरी. पहिल्या दिवशी भाजीभाकरी, दुसऱ्या दिवशी गोडाधोडाचं, तिसऱ्या दिवशी बोळवण. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. नदी होती, खडे होते, बायांना हात होते.

मग काय झालं? टेकडीवर गौरीचं मोठं देऊळ झालं. देवळाला कळस आला, पंच आले, थोरले पुजारी आले. त्यांनी दारापुढं हौद बांधला, नदीतलेच खडे गाड्या भरभरून आणले, हौदात ओतले, वरून मंत्र म्हटले. मग दवंडी पिटली, "नदीतल्या खड्यावर कोणाचाही पाय पडतो, कोणाचीही म्हैस बसते. ते नुसते धोंडे. हौदातला खडा ती गौर. ज्या घरी हौदातला खडा नाही, त्या घरी गौर नाही." बायांनी ऐकलं. एवढी शहाणीसुरती माणसं सांगतात, तर तसंच असेल, म्हणाल्या. नदीची वाट मोडली, टेकडीची वाट रुळली. देवीला कोणी विचारलं नाही.

त्या नगरात भिवरा नावाची बाई राहत होती. तिचा घरधनी हळदीचा वाणी. बैलावर गोण्या लादून मुलूख हिंडायचा. सासूसासरे नव्हते, मूलबाळ नव्हतं, दोघांचंच घर. एके साली चैत्रात तो हळद घेऊन निघाला. "गौरींपर्यंत येतो," म्हणाला. गौरी आल्या. तो आला नाही.

मग भिवरेनं काय केलं? टोपली भरली. दिव्याला तेल घेतलं, ओटीला खण घेतला, नैवेद्याला घावन घेतलं. टोपली डोक्यावर घेतली आणि देवळाकडं चालू लागली. वाटेत नदीचा घाट. घाटाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. केसांच्या जटा, पाठीवर चिंध्या, पोट खपाटीला. म्हातारी म्हणाली, "लेकी गं लेकी, केस माझे कोरडे पडले. बोटभर तेल घाल." भिवरा म्हणाली, "आजीबाई, हे तेल देवीच्या दिव्याचं. वाटेत कसं देऊ? देवळात जा, तिथं तुझी सोय होईल." म्हातारी म्हणाली, "बरं."

भिवरा देवळात गेली. दिव्यात तेल घातलं, पुजाऱ्यांच्या पाया पडली. "महाराज, देवीला विचारा. माझं माणूस कधी येईल?" पुजारी आत गेले, बाहेर आले. "देवी म्हणते, येईल. पण तेल थोडं होतं." भिवरेनं हौदातले खडे घेतले, घरी आली, गौर बसवली. वर्ष गेलं. तो आला नाही.

दुसरं साल उगवलं. भिवरेनं टोपली भरली. तेल वाढवून घेतलं, खण घेतला, घावन घेतलं. घाटावर तीच म्हातारी. "लेकी गं लेकी, पाठ माझी उघडी. तो खण दे, चोळी शिवीन." भिवरा म्हणाली, "आजीबाई, हा खण देवीच्या ओटीचा. तुला दिला तर देवीची ओटी मी कशानं भरू?" म्हातारी म्हणाली, "बरं." भिवरा देवळात गेली, ओटी भरली, पाया पडली. पुजारी आत गेले, बाहेर आले. "देवी म्हणते, येईल. पण खणानं काय होतं? लुगडं हवं होतं." वर्ष गेलं. तो आला नाही.

तिसरं साल उगवलं. तेल घेतलं, खण घेतला, खणाबरोबर आपलं ठेवणीतलं लुगडं घेतलं, घावन घेतलं. घाटावर म्हातारी. "लेकी गं लेकी, पोटात कावळे ओरडतात. घावनाचा तुकडा दे." भिवरेला दया आली. हात टोपलीकडं गेला आणि परत आला. "आजीबाई, देवीच्या आधी कोणी जेवू नये. येताना प्रसाद आणते." म्हातारी म्हणाली, "बरं."

भिवरा देवळात गेली. पण पुजाऱ्यांनी टोपलीला हात लावला नाही. मंडपात पंच बसले होते, माना ताठ करून. थोरले पंच म्हणाले, "भिवरे, बाहेरच उभी राहा. तुझ्या नवऱ्याचा पत्ता नाही. त्याचा आत्मा भटकायला नको, म्हणून आम्ही दर्भाचा पुतळा केला, काल त्याला अग्नी दिला. तुझा नवरा शास्त्रानं मेला. आता कुंकू पूस. पांढऱ्या कपाळाला हौदातली गौर मिळत नाही."

भिवरा म्हणाली, "पण बारा वर्षं वाट बघावी, असं म्हणतात ना?"

"बारा वर्षं मोजीत कोण बसणार?"

"त्याचं प्रेत कोणी पाहिलं का?"

"प्रेत नसतं, म्हणूनच पुतळा करतात."

"मग देवीला विचारा."

"विचारलं. देवी म्हणते, पंच म्हणतील ते."

भिवरेचा हात कपाळाकडं गेला. पण पुसवेना. पुसलं असतं तर तो तिच्या लेखीही मेला असता. आजवर तिच्या एकटीच्या लेखी तो जिवंत होता, आणि तेवढ्यावरच ती जगत होती. तिनं हात खाली घेतला, टोपली उचलली आणि टेकडी उतरली. मागून पंच म्हणाले, "उद्या सकाळी येतो आम्ही. कपाळ पांढरं दिसलं पाहिजे. नाहीतर वाळीत टाकू."

भिवरा घाटावर आली आणि पायरीवर बसून रडली. रडायचं तितकं रडली. म्हातारी शेजारीच होती. तिनं पुसलं, "काय झालं गं?"

"देवीनं मला टाकलं."

"देवीनं टाकलं, की देवळानं?"

"दोन्ही एकच ना, आजीबाई?"

म्हातारी म्हणाली, "मला काय ठाऊक? मी त्या देवळात कधी गेलेली नाही."

मग भिवरेनं टोपलीकडं पाहिलं. तेल होतं, खण होता, घावन होतं. घेणारं कोणी नव्हतं, आणि मागणारी तीन सालं इथंच बसलेली. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं म्हातारीच्या केसांत तेल घातलं, जटा सोडवल्या, आईचे विंचरावेत तसे केस विंचरले. पाठीवर खण घातला, लुगडं नेसवलं. घावन पुढं केलं. म्हातारीनं सगळं खाल्लं. शेवटचा तुकडाही ठेवला नाही. हात धुतले, ढेकर दिली. म्हणाली, "लेकी, आज गौरी. तुझ्या घरी गौर नको?"

"मला कोण देणार?"

"नदी आहे ना. मी एक वसा सांगते. तो उतणार नाहीस ना, मातणार नाहीस ना?"

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "वाहत्या पाण्यातले पाच खडे घे, पदराखाली धर. तोंडात नदीच्या पाण्याची चूळ धर. मागं बघू नको. कोणी हसलं, कोणी दटावलं, तरी बोलू नको. बोललीस तर चूळ सांडेल, चूळ सांडली तर गौर माघारी जाईल. आपल्या उंबरठ्याशी जा, उभी राहा. आतून कोणी विचारील, 'कोण आली?' मग चूळ तुळशीत टाक, उत्तर दे, आत पाऊल घाल."

भिवरा म्हणाली, "आजीबाई, माझं घर रिकामं आहे. आतून विचारणार कोण?"

म्हातारी म्हणाली, "तू उंबरठ्यापर्यंत जा. पुढचं तुझं काम नाही."

भिवरेनं खडे घेतले, चूळ भरली, चालू लागली. मागं पाहिलं नाही.

वेशीत बायका भेटल्या. त्यांच्या ताटात हौदातले खडे होते. "काय गं भिवरे, पदराखाली काय? म्हशीखालचे धोंडे?" सगळ्या हसल्या. भिवरेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातलं पाणी तिनं सांभाळलं. पुढं चालली.

पारावर थोरले पुजारी भेटले. म्हणाले, "बाई, हट्ट सोड. एवढंच म्हण की माझा नवरा मेला. मी पंचांना सांगून तुला बाहेरच्या बाहेर दर्शन देववीन." तीन शब्दांचं काम. पण भिवरेनं तोंड उघडलं नाही. पुढं चालली.

आळीत कोणीच भेटलं नाही. तिथं तिचं मनच तिला भेटलं, आणि ते सगळ्यांत वाईट. मन म्हणालं, म्हातारी भुकेली होती, जेवली, काहीतरी बोलली. पंच लिहिलेपढलेले, त्यांचं कसं चुकेल? घरात काळोख, चूल गार. उंबरठ्याशी जाऊन उभी राहशील, आणि रात्रभर उभीच राहशील. मनाला उत्तर द्यायला तोंड लागत नाही, तरी भिवरेनं त्यालाही उत्तर दिलं नाही. पुढं चालली.

घराशी आली. दार लोटलेलं. आत काळोख. अंगणात तुळस, उंबऱ्यावर भिवरा, पदराखाली पाच खडे. उभी राहिली. गाल दुखले. दिवेलागण झाली, शेजारच्या घरांतून गौरींची गाणी ऐकू येऊ लागली. तिच्या घरातून काही ऐकू येईना. भिवरेनं डोळे मिटले. म्हणाली मनात, आई, तू आहेस म्हणून मी उभी आहे.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आली?"

भिवरेनं तो आवाज ओळखला. पण वसा विसरली नाही. दोन पावलं मागं सरकली, चूळ तुळशीत टाकली. म्हणाली, "गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"माझ्या पावलांनी आली."

दार उघडलं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगावर लंगोटीएवढी वस्त्रं, पण तिचाच घरधनी. दोघांनी आधी गौर बसवली. मग दोघं रडली.

घरधनी सांगू लागला, "परमुलखात हिवतापानं धरलं. बैल गेला, हळद गेली. बरा झालो तसा पायीच निघालो. आज नदीशी पोचलो तर पाणी चढलेलं, उतार कुठं दिसेना. पलीकडून एक म्हातारी आली. पाणी तिच्या घोट्याला लागत होतं, माझ्या गळ्याला. म्हणाली, पदर धर. आणून सोडलं आणि म्हणाली, मागल्या दारानं घरात जा, कोणी उंबऱ्याशी आलं तर विचार, कोण आली. नव्या खणाचा वास येत होता गं तिला. केसही नुकतेच तेल घालून विंचरलेले."

भिवरा पाटाशी गेली, खड्यांपुढं डोकं टेकलं.

सकाळ झाली. पंच आले, पुजारी आले, कपाळ बघायला आले. ओटीवर घरधनी भाकरी खात बसलेला. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मग थोरले पंच म्हणाले, "हे असं चालायचं नाही. तू मेलास."

"कधी?" घरधनी म्हणाला.

"परवा. अग्नी दिला, पिंड दिले. शास्त्रानं मेलेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालावा लागतो. तुपाच्या हंड्यात बसवायचा, बारसं करायचं, जावळ काढायचं, कान टोचायचे, मग पुन्हा लग्न लावायचं. सगळं देवळात."

भिवरेनं विचारलं, "लग्न कोणाशी?"

"तुझ्याशीच."

"म्हणजे सकाळी मी याला पाळण्यात घालायचा, आणि संध्याकाळी माळ?"

घरधन्याला ठसका लागला. भिवरेनं त्याला पाणी दिलं. पंच रागावले. "मग तुम्हां दोघांना देऊळ बंद."

भिवरा म्हणाली, "देवळाला दार आहे, ते तुम्ही लावाल. नदीला कुठं दार आहे?" आणि दुसरी भाकरी थापायला आत गेली.

पुढल्या साली भाद्रपदात भिवरा नदीवर गेली, तर घाटावर तीनचार जणी आधीच आलेल्या. वेशीत हसल्या होत्या त्याच. एकीनं विचारलं, "चूळ किती भरायची गं?" त्याच्या पुढल्या साली घाटावर उभं राहायला जागा नव्हती. म्हातारी पुन्हा कोणाला दिसली नाही. पण तेव्हापासून घाटावर कोणी कोरड्या केसांचं, उघड्या पाठीचं, रिकाम्या पोटाचं भेटलं, तर बायका टोपली तिथंच उतरवतात.

देऊळ पडलं नाही. पुजारी आंधळे झाले नाहीत. देवीनं तिथं वीजही टाकली नाही. देऊळ अजून आहे, हौद आहे, हौदात खडे आहेत. देवळाच्या लेखी भिवरेचा घरधनी मेला तो मेलाच. दरसाल पंच त्याचं श्राद्ध घालतात, खीर करतात, कावळ्याची वाट बघत बसतात. कावळा काही शिवत नाही. घरधनी त्या वेळी आपल्या ओटीवर जेवत असतो, आणि भिवरा त्याला वाढत असते.

जशी भिवरेला गौर पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. जिचं माणूस दूर असेल, तिच्या घरातून आवाज येवो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली. सांगणारीला, ऐकणारीला आणि दारातूनच परत पाठवलेलीला सारखीच सुफळ होवो.