थांब्याचा कातळ

खाडीच्या मुखाशी, धक्क्याच्या उजव्या हाताला, एक काळा सपाट कातळ आहे. त्याला थांब्याचा कातळ म्हणतात. परमुलखातून कोणी घरी आला की त्याच्या बॅगा आधी या कातळावर उन्हात पडतात, माडाच्या हिरांच्या झाडूने झाडल्या जातात. माणूसही तिथेच बसतो. घरची मंडळी बारा हात लांब उभी राहतात, दिवस बुडेपर्यंत कोणी कोणाला शिवत नाही. पाहुण्यांना याचं हसू येतं. हसा बापडे, पण आधी ऐकून घ्या.

गलबतं पार आफ्रिकेच्या जंगबारपर्यंत जात तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. इथल्या धाकू तांडेलाची बायको सगुणा. तीन वर्षं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं तिने. एकदा परतणाऱ्या खलाशाच्या हाती धाकूने आपली जुनी बंडी पाठवली. सासू म्हणाली, धुवून उन्हात टाक. सगुणाचा जीव होईना.

"धुतलंय तर ह्यांचो वास जायत," ती म्हणाली, आणि सासूच्या हाती लागू नये म्हणून तिने बंडी लाकूडफाट्याच्या ढिगामागे दडवली. रोज गुपचूप जायची, बंडीत तोंड खुपसायची.

बंडीच्या घडीत एक कोळी आला होता म्हणे. वाटाण्याएवढा, काळाभोर, पोटावर लाल ठिपका. आपल्याकडचा नव्हेच तो. लाकडांच्या सांदीत त्याने जाळं विणलं, अंडी घातली. महिन्याभराने धाकूची आठ वर्षांची बहीण, चंपी, चुलीसाठी लाकडं काढायला गेली. सुई टोचल्यासारखं झालं, एवढंच ती म्हणाली. मग पोटात गोळे आले, घामाने पोर निथळली आणि दुसऱ्या सकाळी गेली. गावाने लाकडाचे ढीग जाळले, तेव्हा कुठे ती पैदास संपली.

सगुणा स्वतःला क्षमा करू शकली नाही. देवीसमोर साऱ्या गावादेखत तिने शब्द दिला, की दर्यापलीकडून आलेली वस्तू आणि तिचा धनी, कोणीही असो, दिवसभर कातळावर उन्हात राहील. दिवस बुडेपर्यंत घरचं माणूस त्याला शिवणार नाही.

आणि दोन वर्षांनी धाकूच आला.

गलबत फक्त पाणी भरायला थांबलं होतं, दुपारच्या ओहोटीला, सुकती लागली की, निघायचं होतं. धाकू गाठोडं घेऊन कातळावर बसला. बारा हातांवर सगुणा उभी. चंपीचं तिनेच त्याला सांगितलं. त्याने गाठोडं आपल्यापासून हातभर लांब सारलं. मग दोघं बोलत राहिली. आंब्याला मोहर किती आला, आई कशी आहे, असलंच काहीबाही. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले तिला तिथूनही दिसत होते. एकदा, एकदाच हात लावावा, असं तिला वाटत होतं.

"सुकती लागली गो," धाकू म्हणाला. "आता तरी जवळ ये."

"दिस बुडांदे. माजो शबूद आसा."

तो उठला. गाठोडं तिथेच ठेवून होडीत बसला. शीड दिसेनासं झालं तेव्हाही दिवस बुडायला कासराभर उरला होता.

दिवस बुडाल्यावर तिने गाठोडं झाडून सोडलं. आत लाल लुगडं होतं, आणि त्याच्या घडीत तसलाच लाल ठिपक्याचा काळा कोळी. तिने तो दगडाने ठेचला. शब्द पाळलास म्हणून गाव वाचलं, असं सगळे म्हणाले. तिलाही ते कळत होतं. पण ते लुगडं तिने कधी नेसलं नाही.

धाकू परत आला नाही. सगुणा म्हातारी होईपर्यंत रोज संध्याकाळी कातळापाशी येई आणि दर्याकडे तोंड करून हाक मारी.

आजही दिवस बुडाला की लगेच कोणी पुढे धावत नाही. घरातली सर्वांत थोरली बाई आधी समुद्राकडे वळते आणि म्हणते, "दिस बुडालो हो. आता येवा." क्षणभर सगळे तिकडेच बघत थांबतात. मग आपापल्या माणसाला जवळ घेतात.