वीरगळाचा फोटो

निंबळ्याचे सरपंच हिंदुराव मगर दुसऱ्याच्या हातात मोबाईल दिसला की सावध होत. अंगणवाडीच्या शकूताई त्यांच्या कंपाउंडबाहेर उभ्या राहून आतल्या जुन्या वीरगळाचा फोटो काढताना दिसल्या, तेव्हा हा जागेच्या सरकारी मोजणीचाच डाव, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी बाईंना भर ग्रामसभेत उभं केलं.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मोबाईलवर एक खेळ आहे. त्यात गावातल्या जुन्या जागा सुचवायच्या, मग खेळणारे तिथे चालत येतात."

"आम्ही काय दूधखुळे आहोत? आधी त्या खेळातून वीरगळाचं नाव काढा!"

"लगेच काढते. फक्त कारण द्यावं लागतं. खासगी जागा खेळात घेत नाहीत. वीरगळ तुमच्या खासगी जागेत आहे, असं लिहू?"

वीरगळ गावठाणातला आणि कंपाउंड मागच्या वर्षीचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ग्रामसेवकाने इतिवृत्ताच्या वहीवर पेन टेकवलं.

"गावाचीच जागा आहे ती," सरपंच घाम पुसत म्हणाले.

"मग नाव राहू द्या," शकूताई म्हणाल्या, "फाटकाचं कुलूप तेवढं काढा."