कुंकू न लावायचा रांजण

अहो ताई, थांबा! ती कुंकवाची पुडी पिशवीतच राहू द्या. या रांजणाला हळदकुंकू लावत नाहीत. देव नव्हे तो, आतून रिकामा आहे, वाकून बघा हवं तर. कोरटवाडीत आलेला प्रत्येक पाहुणा हीच चूक करतो आणि सत्तरी ओलांडली तरी मी तेच सांगत बसतो.

लागोपाठ तीन वर्षं इथे पाऊस झाला नव्हता, असं सांगतात. विहिरी आटल्या. दोन कोसांवर नदीच्या वाळूत झरा खणला होता. तिथून सारजा नावाची सून रोज पहाटे एक घागर आणायची आणि या रांजणात ओतायची. घरात नवरा, दोन पोरं आणि सासरे रखमाजी. माणशी दोन तांबे, असा तिचा नेम. सकाळी वाटणी झाली की रांजण कोरडा पडायला हवा. पण संध्याकाळी तळाशी तांब्याभर पाणी असायचंच म्हणे. सारजाला वाटलं, घरात देवी आली. तिने रांजणाला हळदकुंकू लावलं, गावच्या बायका ओटी भरून गेल्या. ते पाणी प्रसाद म्हणून पोरांना मिळायचं.

इकडे रखमाजींची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. उठलं की भोवळ यायची. सुनेला ते मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारू लागले. वय झालं, म्हणाले सगळे.

एका दुपारी सारजा सरपण घेऊन लवकर परतली. सासरे भिंतीला धरून उभे होते आणि आपल्या वाट्याचा तांब्या रांजणात ओतत होते.

“मामंजी, हे काय?”

“मला नाही गं तहान लागत आता. पोरांना लागते.”

खोटं नव्हतं ते. म्हातारपणी तहान मरते हो, माझीही मेली आहे. अंगाला पाणी मात्र लागतंच. सारजाने पळीने पाजून पाहिलं, ते ओठांवरून ओघळून गेलं. तिसऱ्या दिवशी रखमाजी गेले. ती रडली नाही. पाण्याला गेली, आली, भाकऱ्या थापल्या. मग पदराने रांजणाचं कुंकू पुसलं आणि नवऱ्याला सांगून तो इथे वेशीवर आणून ठेवला.

पुढे पाऊस कधी पडला, ते कुणीच सांगत नाही.

आजही इथलं म्हातारं माणूस ‘तहान नाही’ म्हणालं, तर सून तांब्या घेऊन समोर उभी राहते. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत घरात दुसरं कुणी पाण्याला शिवत नाही. मग पोर रडत असलं तरी.