हजाराचा तंबोरा, अकराचा तंबोरा

"आमच्या तंबोऱ्याला तुझं बोट लागता कामा नये! आणि तुझ्या बापाच्या तंबोऱ्यात नि आमच्या तंबोऱ्यात फरक काय, तो साऱ्या दरबाराला ऐकू आला पाहिजे. मुदत आठ दिवस. जमलं नाही तर कारखान्याला टाळं!"

एवढं बोलून हिंगणगडचे राजे यमाजीराव विडा चघळायला मोकळे झाले. समोर उभी होती झुलेखा, तंबोरे बनवणाऱ्या दस्तगीर शिकलगाराची लेक.

झालं होतं असं. राजांनी उत्तरेकडच्या एका सौदागराकडून हजार रुपये मोजून तंबोरा घेतला. अंगभर शिंपल्याची वेलबुट्टी, खुंट्यांवर हस्तिदंती मोर. आता गायनशाळेतले दस्तगीरचे अकरा-अकरा रुपयांचे तंबोरे काढून तिथेही असेच आणायचे, असा राजांचा बेत ठरला. ते ऐकून झुलेखा भर बाजारात म्हणाली, "बडा घर, पोकळ वासा!" वाड्याच्या पायऱ्या चढेपर्यंत त्या बोलण्याला बरंच तिखटमीठ लागलं.

"आमच्या घराला पोकळ म्हणालीस?" राजांनी विचारलं होतं.

"घराला नाही, सरकार. तंबोऱ्याला म्हणाले. आणि तंबोरा पोकळच असावा लागतो. भरीव असला तर त्याला मुसळ म्हणतात."

दिवाण गुंडोपंतांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात दडवलं. पण राजांना काही ते आवडलं नाही, आणि म्हणून हा हुकूम.

घरी दस्तगीर कपाळाला हात लावून बसला. "तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं? तीस वर्षं या माळ्यावर भोपळे वाळवले. आता त्यांची भाजीसुद्धा होणार नाही!"

"अब्बा, तो तंबोरा वाजतो कसा?"

"मला काय ठाऊक? शिंपला मळेल म्हणून राजे कुणाला हात लावू देत नाहीत."

"मग राजगायक बुवांनी तरी ऐकलाय का?"

"पाहिलाय म्हणे."

 झुलेखाने भाकरी मागून घेतली आणि दोन जास्त खाल्ल्या.

आठव्या दिवशी दरबार खच्चून भरला. झुलेखाने मधोमध पडदा लावायला सांगितला. पडद्यामागे दोन्ही तंबोरे ठेवले, हजाराचा आणि अकराचा.

"सरकार, आपल्या तंबोऱ्याजवळ आपलेच चोपदार बसू देत. आणि त्यांना रेशमी हातमोजे द्या."

"वा! चार तारा तर छेडायच्या," गुंडोपंत कौतुकाने म्हणाले, "त्याला चोपदारही पुरे. पोरगी हुशार आहे हो!"

झुलेखा पडद्यामागे जाऊन बसली. चोपदार बापूराव हातमोजे चढवून आत गेले. झुलेखाने पडद्याबाहेर डोकं काढलं. "सरकार आधी कोणता ऐकणार?"

"विचारायचं काय त्यात? हजाराचा!"

"बरं, ऐका तर."

पडद्यामागून तारा झंकारल्या. राजगायक अनंतबुवांनी डोळे मिटले आणि उपरण्याने पुसलेही. "आहाहा! काय ती तारांची जवारी! काय तो गुंजारव! सरकार, कान धन्य झाले!" माना डोलल्या. राजेही गादीवर मागेपुढे झुलू लागले.

"आता अकराचा," राजे म्हणाले. "लवकर आटप."

पुन्हा तारा झंकारल्या. बुवांनी कानांवर हात ठेवले. "अरेरे! दुधाच्या घोटानंतर ताकाचं पाणी!" कुणी नाक मुरडलं, कुणी जांभई दिली. राजे म्हणाले, "बस कर! हा नुसता भोपळा वाजतोय. फरक आंधळ्यालाही ऐकू येईल. मुली, तू हरलीस!"

"फरक ऐकू आला ना, सरकार? साऱ्या दरबाराला?"

"आला! स्वच्छ आला!"

"मग मी जिंकले," झुलेखा म्हणाली आणि तिने पडदा ओढला.

अकराचा तंबोरा तिच्या मांडीवर होता. हजाराचा कापडी गवसणीत होता, वरच्या सातही गाठी जशाच्या तशा. बापूराव मांड्यांवर हातमोजे ठेवून ताठ बसले होते.

"बापूराव! तुम्ही वाजवला नाहीत?" राजे ओरडले.

"मला वाजवायला कुणी सांगितलंच नाही, सरकार. मी राखण केली. बोट कुणीच लावलं नाही."

अनंतबुवा उपरण्यात तोंड लपवायला जागा शोधू लागले. राजांच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे दोन्ही वेळा हाच? पोरी, तू दरबाराला फसवलंस! हजाराचा म्हणून अकराचा वाजवलास!"

झुलेखाने तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. "मी कुठे काय म्हणाले, सरकार? कोणता ऐकणार, एवढंच विचारलं. मी तंबोरा वाजवला. हजाराचा आपण ऐकलात!"

दरबारात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि ती हजाराची की अकराची, हे सांगायची कुणाची छाती झाली नसती.

राजांनी आधी बुवांकडे पाहिलं, मग गवसणीकडे, मग झुलेखाकडे. आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. "नुसता भोपळा वाजतोय म्हणालो आम्ही! अहो गुंडोपंत, खराच वाजला की! आमच्याच भ्रमाचा भोपळा फुटला!" राजे हसले, खो खो हसले. मग गुंडोपंतांना खोकायची गरज उरली नाही.

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून झुलेखाच्या ओंजळीत टाकलं. "गायनशाळेत तंबोरे दस्तगीरचेच राहतील. आणि यापुढे एकेकाला शंभर रुपये घ्या!"

"कडं घेते, सरकार. शंभर मात्र नको. अकराच द्या."

"का गं?"

"महाग झाले तर तुम्ही ते कुणाला वाजवू द्यायचे नाहीत!"

राजे पुन्हा हसले, ते पार ठसका लागेपर्यंत. पाणी आणायला बापूराव धावले, हातमोजे घालूनच.