उशिरा पोचणारं कार्ड

"या स्वस्तातल्या साउंड कार्डावर भावाच्या सनईखाली सूर धरून दाखव. केसभर जरी मागं पडलास, तर निवृत्तीची सनई माझ्या दुकानाच्या काचेत लागेल," दौलतशेठ म्हणाले, आणि भुजंगा "चालेल" म्हणून मोकळा झाला.

त्याचं हे नेहमीचंच. तोंड आधी धावायचं आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. सातवीत शाळा सुटली तीही अशीच. मास्तर रागानं "जमत नसेल तर घरी जा" म्हणाले, आणि हा खरंच गेला.

थोरला भाऊ निवृत्ती लग्नाकार्यात सनई वाजवायचा आणि भुजंगा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरायचा. सूर म्हणजे एकच स्वर, गाल फुगवून, मध्ये न थांबता. लोक निवृत्तीकडं बघायचे. भुजंगाकडं फक्त लहान पोरं बघायची, याचे गाल आता फुटतील म्हणून. शिमग्याच्या तोंडावर निवृत्ती गेला. मागं राहिलं ते मोबाइलमधलं त्याच्या रियाजाचं एक रेकॉर्डिंग. तो एकटाच वाजवत होता, खाली सूर नव्हता. ते ऐकलं की भुजंगाला वाटायचं, दादाला आपण उघड्यावर बसवून आलोय. एकदा तरी त्याच्याखाली सूर धरायचा, म्हणून त्यानं मित्राचा जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि वाजवलेलं त्यात उतरवणारं साउंड कार्ड घ्यायला बाजारपेठ गाठली. आपली सनई तर घेतलीच, पण दादाचीही फडक्यात गुंडाळून सोबत घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दौलतशेठनी दोन कार्डं पुढं ठेवली होती. महागडं कार्ड वाजवलेलं तिथल्या तिथं पकडायचं. स्वस्तातलं आवाज रमतगमत पोचवायचं. शेठनी माइकवर टिचकी मारली, तर हेडफोनमध्ये ती जरा वेळानं आली, पंगत उठल्यावर पाहुणा यावा तशी. यावर कुणाच्या साथीला वाजवशील तर प्रत्येक जागेला मागं राहशील, असं त्यांनी बजावलं. भुजंगाची ऐपत तेवढ्याच कार्डाची, पण ते सांगायची लाज. म्हणून त्यानं फुशारकी मारली की, वाजवणारा पक्का असला की कुठलंही कार्ड चालतं. शेठ मोठे हट्टी. शिवाय निवृत्तीच्या सनईवर त्यांचा डोळा जुनाच. तिथंच पैज लागली. जिंकला तर दुकानातलं हवं ते कार्ड फुकट.

आता भुजंगा हेडफोन चढवून बसला आणि त्यानं स्वतः टिचकी मारून बघितली. आवाज आला, सावकाश. समोर काउंटरवर दादाची फडक्यातली सनई पडली होती, आणि ती याच्या हातानंच गेल्यात जमा होती. दादा असता तर आधी टपली मारली असती आणि मग दर लग्नात म्हणायचा तेच म्हणाला असता.

"धर तू. मी येतो."

भुजंगानं आपली सनई तोंडाला लावली आणि सूर धरला.

"अरे, थांब! अजून सुरू कुठं केलंय?" शेठ ओरडले.

सूर धरणाऱ्याला बोलता येत नाही. त्यानं फुगल्या गालांनी नुसती मान हलवली आणि लावा म्हणून बोटानं खुणावलं. शेठनी दादाच्या रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. थोड्या वेळानं वरून दादा आला, नेहमीसारखा, घाई न करता. दादाचं वाजवून संपलं तरी हा आपला धरूनच होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या गाल फुगवल्यामुळंच, असं त्यानं पुढं सगळ्यांना सांगितलं.

शेठनी दोघांचं मिळून झालेलं रेकॉर्डिंग लावलं. कान देऊन ऐकलं. मग पडद्याला नाक लावून बघितलं. दादाच्या खाली भुजंगाच्या सुराचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग पट्टा.

"ही लबाडी झाली. तू आधीच सुरू केलंस."

"लबाडी कसली, शेठ? आमच्यात सूर धरणारा आधी येतो आणि सगळ्यांच्या शेवटी उठतो. मधे तो कुठं जातच नाही, तर मागं कसा पडेल? तुमचं कार्ड किती का उशीर करेना. कुठं पडलो ते दाखवा, ही सनई ठेवून घ्या."

शेठनी पुन्हा एकदा शोधलं. मग पोट धरून असे हसले की शेजारचा घड्याळवाला उठून बघायला आला. फडक्यातली सनई त्यांनी आपल्या हातानं उचलून भुजंगाला दिली आणि म्हणाले, "उचल हवं ते कार्ड. पण तुझं काम तर या स्वस्तातल्यावरच झालं की रे!"

भुजंगानं महागडं कार्ड काखेत मारलं.

"सूर धरायला ते पुरलं, शेठ. पण आता दादाच्या जागी मला वाजवायचंय. तिथं मी स्वतःच उशिरा पोचणार. निदान कार्डानं तरी वेळेवर यावं."