पहिला ट्रे

"पण चाचा, तुमच्याच घरच्या नानखटाया दर दिवाळीला करपलेल्या कशा?"

शर्वाणीने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

कासमचाचा भट्टीतले निखारे बाजूला ओढत राहिले.

दिवाळी आली की आळीतल्या बायका घरी नानखटाया थापायच्या आणि भाजायला चाचांच्या बेकरीत आणायच्या. प्रत्येक ट्रेत नावाची चिठ्ठी. चाचांच्या हातची नानखटाई कधी बिघडत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. पण स्वतः चाचा शेजाऱ्यांकडे जो डबा पाठवत, त्यातल्या नानखटाया मात्र बुडाशी काळ्या! लोक हसत, काळं खरवडत आणि खात.

शर्वाणी मे महिन्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. आज सकाळी चाचा म्हणाले होते, "आज भट्टी तुझी." तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्यात आज तिचा स्वतःचाही ट्रे होता. बत्तीस नानखटाया, प्रत्येकीवर एक चारोळी. जुन्या लग्नपत्रिका कापून तिने आठ डब्या केल्या होत्या. गणपती बरोबर झाकणावर आला होता. आतल्या बाजूने कुठल्याशा नवरदेवाचं अर्धं नाव डोकावत होतं. उद्या शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आठ मैत्रिणींना आठ डब्या! घरातलं तूप मात्र संपलं होतं. पुन्हा करायला काहीच नव्हतं.

"माझा ट्रे चौथा लावते हं, चाचा. तेव्हा भट्टी अगदी छान असते."

"भट्टी तुझी. मला काय विचारतेस?"

"आणि पहिला कुणाचा?"

चाचांनी भट्टीच्या तोंडाशी हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"हिचा राग रोज वेगळा. पहिल्या ट्रेवर निघतो. मग कळतं, आज किती वेळ ठेवायचं."

शर्वाणीने रांगेतला पहिला ट्रे उचलला. "परुळेकर काकूंचा घालू?"

"घाल. मुलगा उद्या बोटीवर चाललाय त्यांचा. त्याच्यासाठी आहेत."

तिने ट्रे खाली ठेवला.

"मग सावंत आजींचा?"

"घाल की. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही."

"वास तर येईल ना!"

"येईल."

तोही ट्रे खाली.

"चाचा, रिकामाच घालते!"

"रिकाम्याला काय करपायचंय?"

एकदम तिचे डोळे चमकले. "तुमचा! तुमचा ट्रे कुठाय?"

"आज आणलाच नाही मी."

"का?"

"सांगितलं ना… आज भट्टी तुझी."

…

आत लाकूड तडतडलं. शर्वाणीने आपला ट्रे उचलला. एक चारोळी तिरकी बसली होती, ती बोटाने सरळ केली. मग लांब सळईने ट्रे आत ढकलला आणि डोळे मिटून घेतले.

धूर आला. ट्रे बाहेर आला. तिने एक नानखटाई उलटी करून पाहिली… आणि पुन्हा सुलटी ठेवली.

पुढचा ट्रे तिने लवकर ओढला. त्याच्या पुढचा थोडा थांबून. परुळेकर काकूंचा ट्रे बाहेर आला आणि ती ओरडलीच, "चाचा, बघा! बघा ना! एकसुद्धा नाही करपली!"

दारात बायका जमल्या. सावंत आजींनी ट्रेवर वाकून दीर्घ श्वास घेतला आणि हसल्या. "कासम, यंदा तुझा हात आणखी सुधारला रे!"

चाचांनी मान हलवली. शर्वाणी लाजून भट्टीआड झाली, पण तिचं हसू काही केल्या आवरेना.

सगळे गेले. तिने डब्या भरल्या. आठही. मग गणपतीचं झाकण नीट लावून पहिली डबी दोन्ही हातांनी चाचांपुढे धरली.

चाचांनी एक नानखटाई उचलली. काळं न खरवडता तोंडात टाकली. डोळे मिटून, सावकाश चावली.

"हं," ते म्हणाले. "आता विचार. मघाशी काय विचारत होतीस?"